दिवसा कोड, संध्याकाळी सूर: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळची बहुतेक पत्रं एकाच पेचातून आली आहेत: पोटापाण्याला सॉफ्टवेअर, मनात संगीत आणि जीव दोन्हींवर. कुणी वेळेबद्दल विचारलंय, कुणी थेट टायमर आणि बफरबद्दल. आमच्या मते हे प्रश्न वेगळे नाहीत. गाणं अडतं ते पुष्कळदा वेळ नसल्यामुळे नव्हे, तर सुरुवात जड झाल्यामुळे. म्हणून सगळे एकत्रच घेतले आहेत.

प्रश्न: मी दिवसभर ॲपचे स्क्रीन आणि त्यांमागची रचना ठरवते. घरी आल्यावर दोन तास माझे असतात. एक दिवस गाणं, एक दिवस स्वतःचं छोटं ॲप, असं ठरवलं होतं. तीन महिने झाले, दोन्ही होतं तिथंच आहे. निम्मा वेळ ‘परवा कुठवर आले होते’ हे आठवण्यातच जातो. वेळेची वाटणी चुकतेय का?

उत्तर: वाटणी चुकतेय, पण तासांची नाही. एकाआड एक दिवस हा हिशेब कागदावर न्याय्य दिसतो, पण या दोन कामांना तो मारक आहे. गाण्याची मांडणी असो की प्रोग्रामची, ती पुन्हा डोक्यात भरायलाच पंधरा-वीस मिनिटं जातात. तुम्ही रोज विषय बदलता, म्हणजे हा खर्च रोज नव्याने भरता, आणि ज्या कामाची आठवण ताजी असायला हवी ते ४८ तास शिळं झालेलं असतं.

त्याऐवजी सलग तुकडे पाडा. सहा आठवडे गाणं मुख्य आणि ॲप फक्त तगवायचं, नंतरचे सहा आठवडे उलट. तगवणं म्हणजे किती, तेही आधीच लिहून ठेवा: ॲपच्या बाजूला आठवड्यातून एकदा अर्धा तास, फक्त ॲप बंद पाडणाऱ्या चुका सुधारण्यासाठी, गाण्याच्या बाजूला रोज १५ मिनिटं वाद्य हातात, रेकॉर्डिंग नाही. हात आणि कान पंधरा मिनिटांत पुढे गेले नाहीत तरी मागे पडत नाहीत. महिनाभर वाद्य बंद ठेवलं की मात्र पहिला आठवडा बोटं सैल करण्यातच जातो.

दुसरी गोष्ट. दोन्ही कामांच्या पोटात दोन जातींची कामं असतात. नवी चाल बांधणं आणि नव्या ॲपचा आराखडा काढणं, या दोन्हींना ताजं डोकं लागतं. टेकमधले (एका दमात केलेल्या रेकॉर्डिंगमधले) चांगले तुकडे निवडून जोडणं, ट्रॅकला नावं देणं, नको असलेले श्वास कापणं, कोडमधली नावं सुधारणं, चाचण्या लिहिणं ही थकल्या डोक्यानेही होतात. दिवसभर रचनेचेच निर्णय घेऊन आल्यावर रात्री आठला पुन्हा निर्णयच मागणारं काम काढलं, तर गाडी पुढे सरकत नाही. आठवड्यातल्या दोन सकाळी नव्या चालीसाठी राखा, कामावर जाण्याआधी, ४० मिनिटं का होईना. संध्याकाळी निवडीची आणि सफाईची कामं करा. एवढ्या एका बदलाने पुष्कळांची गाठ सुटते.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: थांबण्याची पद्धत. बसण्याची वेळ संपायच्या दहा मिनिटं आधी हात थांबवा आणि पुढचं काम लिहून ठेवा. ‘मिक्स (म्हणजे सगळ्या ट्रॅकच्या आवाजांचा मेळ) नीट करणे’ असलं मोघम लिहून उपयोग नाही. चिठ्ठी अशी दिसायला हवी:

‘दुसरं कडवं. बास तिसऱ्या मात्रेला उशिरा येतोय, १० मिलिसेकंद अलीकडे घे. मुखड्याआधीचे दोन बार रिकामे ठेवून ऐक. आवाज चौथ्या टेकमधला. उद्या हे तीनच, नवं वाद्य नाही.’

ही चिठ्ठी प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा. कोडच्या बाजूला हेच काम मुद्दाम नापास होणारी एक चाचणी करते: शेवटची पाच मिनिटं पुढच्या पायरीची चाचणी लिहा, ती लाल दिसू द्या आणि उठा. पुढच्या वेळी काय करायचं हे ती लाल ओळच सांगेल.

आणि जुळवाजुळव कमी करा. लॅपटॉप उघडल्यापासून पहिला सूर रेकॉर्ड होईपर्यंत दोन मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर आधी ते दुरुस्त करा. आठ ट्रॅकचा एक रिकामा साचा बनवून ठेवा. ट्रॅकना नावं दिलेली, माइक पहिल्या ट्रॅकवर जोडलेला, मेट्रोनोम चालू. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करत असाल तर पातळी सरासरी −१८ डेसिबलच्या आसपास राहू द्या आणि शिखरं −६ च्या वर जाऊ देऊ नका (इथे शून्य म्हणजे सगळ्यात मोठी पातळी, त्यापुढे आवाज फाटतो). मग दर वेळी पातळी जुळवत बसावं लागत नाही. वाद्य पेटीत नको, हाताशी हवं.

प्रश्न: कोड लिहिताना मी आठ तास हेडफोनवर संगीत ऐकतो. त्यामुळे संध्याकाळी मिक्स करताना कान बधिर वाटतात. हा मनाचा खेळ आहे का?

उत्तर: नाही, कान खरोखरच थकतात. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी बऱ्याच ठिकाणी धरली जाणारी मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन. थकलेल्या कानाला वरच्या पट्टीतले आवाज कमी ऐकू येतात, म्हणून तुम्ही ते वाढवता आणि सकाळी तेच मिक्स कर्कश लागतं. ज्या दिवशी मिक्स करायचं असेल त्या दिवशी दुपारनंतर हेडफोन काढून ठेवा. मिक्सही शेजारी बसलेल्या माणसाशी सहज बोलता येईल इतक्या हळू आवाजात करा. दर ४५ मिनिटांनी दहा मिनिटं शांतता हवी.

प्रश्न: माझ्या डिस्कवर ३४ अर्धी गाणी आहेत. सगळी आठ-आठ बारची (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट). ऐकायला छान, पण पुढे सरकत नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये मी कामं वेळेवर संपवतो, इथेच का अडतो?

उत्तर: कारण सॉफ्टवेअरला पुढची आवृत्ती असते, आणि ती सवय तुम्ही गाण्यात आणली आहे. प्रत्येक ध्वनी बदलता येण्याजोगा ठेवला की कुठलाच ध्वनी ठरत नाही.

आधी ३४ चे ३ करा. स्क्रीन न बघता, फोनच्या स्पीकरवर सगळे एकदाच ऐका. दुसऱ्या दिवशी काहीही न लावता जे गुणगुणता येतील ते ठेवा. उरलेले पुसू नका, वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा आणि सहा आठवडे तो फोल्डर उघडू नका.

आता आठ बारच्या कोंडीचा हिशेब. ९० च्या लयीत (मिनिटाला ९० मात्रा), चार मात्रांचा एक बार २.६७ सेकंदांचा होतो. आठ बार म्हणजे साधारण २१ सेकंद. तीन मिनिटांच्या गाण्याला ६७-६८ बार लागतात, म्हणजे तुमच्याकडे गाण्याचा आठवा हिस्सा आहे, आणि तो बहुधा सगळ्यात भरगच्च हिस्सा आहे. इथेच घोळ होतो. जे सगळ्यात भरलेलं आहे त्यात पुढे आणखी भर कशी घालणार?

म्हणून उलट जा. ते आठ बार जसेच्या तसे आठ वेळा चिकटवा: ६४ बार झाले. आता एकही नवा सूर न घालता फक्त काढत जा. पहिल्या आठांत ठेका आणि बास काढा, फक्त सुरावट राहू द्या. पुढच्या आठांत बास आणा. मुखड्याआधीचे दोन बार पूर्ण मोकळे सोडा, म्हणजे मुखडा आल्यावर तो मोठा वाटेल. मधल्या कडव्यात सुरावटच काढून टाका. तासाभरात गाण्याचा सांगाडा समोर येतो, आणि कुठे खरोखर नवं काही हवंय ते तेव्हाच कळतं. बहुतेक वेळा एकच जागा निघते: दुसऱ्या मुखड्यानंतरची.

सांगाडा पटला की सगळे मिडी ट्रॅक (कुठला सूर कधी वाजवायचा याच्या नोंदी) ऑडिओत उतरवा आणि मूळ सिंथेसायझर बंद करा. हे कठीण जातं, हे आम्हाला ठाऊक आहे. पण ‘बासचा आवाज जरा बदलून पाहू’ ही वाट बंद झाल्याशिवाय मिक्स सुरू होत नाही. मिक्सला ४५ मिनिटांच्या तीन बैठका, तीन वेगळ्या दिवशी. संपलं म्हणजे काय, तेही आधी ठरवा: २४ बिटची एक स्टिरिओ वेव्ह फाइल, शिखर −१ डेसिबलच्या खाली, नावात तारीख. ती फाइल झाली की गाणं संपलं.

प्रश्न: रियाजासाठी मी ब्राउझरमध्ये चालणारा मेट्रोनोम लिहिला. सुरुवातीला बरोबर चालतो, मग लय हलल्यासारखी वाटते. दुसरा टॅब उघडला की तर पार बिघडतो. कोड तर सरळ आहे: दर ठोक्याला टायमर लावतो, आवाज वाजवतो, पुढचा टायमर लावतो.

उत्तर: बिघाड त्या सरळपणातच आहे. ब्राउझरमध्ये दोन घड्याळं असतात. एक जावास्क्रिप्टचं, ज्यावर तुमचा ‘सेटटाइमआउट’ चालतो. ते फक्त ‘इतक्या वेळाच्या आधी नाही’ एवढीच हमी देतं. पान रंगवणं किंवा मेमरीची सफाई चालू असली की टायमर उशिरा येतो. दुसरं घड्याळ ध्वनियंत्रणेचं, वेब ऑडिओ या ब्राउझरच्या ध्वनीसाठीच्या सोयीतलं ‘करंटटाइम’. ते सॅम्पल (ध्वनीचे सेकंदाला घेतलेले हजारो नमुने) मोजून चालतं, म्हणून पक्कं असतं.

१२० च्या लयीत ठोका अर्ध्या सेकंदाला येतो. टायमर दर वेळी केवळ ४ मिलिसेकंद उशिरा आला आणि पुढचा टायमर त्या उशिरापासून मोजला, तर १०० ठोक्यांत ०.४ सेकंदाची घसरण होते. म्हणजे पन्नास सेकंदांत जवळजवळ एक अख्खा ठोका गेला.

उपाय असा की टायमरने आवाज वाजवायचाच नाही. त्याने फक्त डोकावून बघायचं आणि ठोके आगाऊ नोंदवून ठेवायचे. दर २५ मिलिसेकंदांनी टायमर चालू द्या. प्रत्येक खेपेला तपासा: पुढच्या ठोक्याची वेळ ‘करंटटाइम अधिक ०.१ सेकंद’ यापेक्षा अलीकडे आहे का? असेल तर तो ठोका त्याच्या नेमक्या वेळेला ‘स्टार्ट’ करून नोंदवा, त्याच्या वेळेत ६० भागिले लय एवढे सेकंद मिळवा आणि पुन्हा तपासा. टायमर ५० मिलिसेकंद उशिरा आला तरी ठोका आधीच नोंदलेला असतो, त्यामुळे कानाला काही कळत नाही.

यात चार ठिकाणी हमखास चूक होते.

पुढच्या ठोक्याची वेळ काढताना बेरीज मागच्या ठोक्याच्या वेळेत करा, ‘करंटटाइम’मध्ये नाही. ‘करंटटाइम’मध्ये केलीत तर जुनीच घसरण मागच्या दाराने परत येते.

मागे पडलेल्या टॅबमधले टायमर ब्राउझर सेकंदाला एक इतके मंद करतो. तेव्हा ०.१ सेकंदाचा पल्ला पुरत नाही. टायमर वेब वर्करमध्ये (पानापासून वेगळ्या, मागे चालणाऱ्या कोडमध्ये) हलवा, तिथे सहसा ही कात्री लागत नाही. शिवाय लॅपटॉप झोपून उठला की राहिलेले सगळे ठोके एकदम तडतडतात, कारण पुढच्या ठोक्याची वेळ मागेच राहिलेली असते. नोंदवण्याआधी ती वेळ ‘करंटटाइम’च्या मागे आहे का ते पाहा आणि असेल तर पूर्ण ठोक्यांच्या पटीत पुढे आणा, म्हणजे मात्रेचा क्रमही चुकणार नाही.

ऑसिलेटर (सूर निर्माण करणारा भाग) एकदा थांबला की पुन्हा सुरू होत नाही. प्रत्येक ठोक्याला नवा बनवा. समेला १५०० हर्ट्झ, बाकी मात्रांना १००० असं ठेवलं तर समेचा ठोका वेगळा ऐकू येतो. आवाज एकदम तोडला तर ‘टक्’ असा जादा आवाज येतो, म्हणून गेन (आवाजाची पातळी) २ मिलिसेकंदांत वर न्या आणि ४० मिलिसेकंदांत घातांकी उताराने ०.००१ पर्यंत आणा. शून्यापर्यंत नाही, कारण घातांकी उताराला शून्य चालत नाही आणि ब्राउझर चूक दाखवतो.

आणि स्क्रीनवरचा दिवा. तो नोंदणीच्या क्षणी लावलात तर आवाजाच्या आधीच लुकलुकेल. नोंदवलेल्या ठोक्यांची वेळ एका रांगेत ठेवा आणि पडदा रंगवणाऱ्या ‘रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेम’मध्ये ती वेळ आली का ते बघा. सेकंदाला ६० चित्रांच्या स्क्रीनवर दिवा फार तर १७ मिलिसेकंद इकडेतिकडे होईल, ते डोळ्याला चालतं. ब्लूटूथ हेडफोनवर मात्र आवाजच शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा येतो, तिथे दिवा आणि ठोका जुळणार नाहीत. लय समान राहते, त्यामुळे रियाजाला अडचण नाही.

प्रश्न: स्वतः लिहिलेल्या इफेक्टमध्ये आवाजाचा नॉब फिरवला की चरचर येते. नॉब स्थिर असताना आवाज स्वच्छ.

उत्तर: म्हणजे दोष नॉबच्या उड्यांचा आहे. नॉबची किंमत एका बफरला (सॅम्पलच्या एका गठ्ठ्याला) एकदाच बदलते आणि गेन पायऱ्यापायऱ्यांनी उडतो. दर सॅम्पलला जुन्या किमतीकडून नव्या किमतीकडे थोडं थोडं सरका: चालू किंमत = चालू किंमत + (नवी − चालू) × गुणक. ४८,००० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला ४८,००० सॅम्पल) १० मिलिसेकंदांची गुळगुळीत सरक हवी असेल तर गुणक साधारण ०.००२१ येतो. नॉब स्थिर असतानाही अधूनमधून तडा जात असता, तर आम्ही वेगळीकडे बघायला सांगितलं असतं: ऑडिओच्या फंक्शनमध्ये मेमरी मागणं, लॉक धरणं, लॉग छापणं. ६४ सॅम्पलच्या बफरला तिथे १.३३ मिलिसेकंदांत काम संपवावं लागतं, आणि या तिन्हींपैकी एकानेही कधीमधी त्याहून जास्त वेळ खाल्ला की आवाज तुटतो.

प्रश्न: गाताना माझाच आवाज हेडफोनमध्ये उशिरा येतो. कोडचा लॅपटॉप ताकदवान आहे, तरी असं का?

उत्तर: ताकदीचा इथे दुय्यम संबंध आहे. बफर भागिले सॅम्पल रेट, एवढा उशीर एका बाजूला होतो. ४८,००० ला १२८ सॅम्पल म्हणजे २.७ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे १०.७, १०२४ म्हणजे २१.३. आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा, म्हणून दुप्पट धरा, वर इंटरफेसचा (माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या पेटीचा) थोडा. हवेत आवाज एका मिलिसेकंदाला सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. तेव्हा एकूण २१ मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे सात मीटरवरच्या स्पीकरमधून स्वतःला ऐकत गाण्यासारखं आहे.

रेकॉर्ड करताना बफर ६४ किंवा १२८, मिक्स करताना १०२४. तरीही उशीर वाटला तर मास्टर ट्रॅकवर लिमिटर किंवा लिनियर फेज इक्वलायझर बसलाय का ते बघा. ते आवाज आधी साठवून मग सोडतात. विंडोजवर इंटरफेसचाच असिओ ड्रायव्हर वापरा. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असेल तर सगळ्यात उत्तम, आवाज लॅपटॉपमधून फिरून येतच नाही.

प्रश्न: कोडसाठी गिट (बदलांचा इतिहास जपणारं सॉफ्टवेअर) वापरतो, गाण्यांसाठीही वापरू का? ‘फायनल २ खरंच फायनल’ अशा फाइलींना कंटाळलोय.

उत्तर: अर्ध्या भागासाठी वापरा. ४८,००० च्या सॅम्पल रेटला २४ बिटचा मोनो ट्रॅक मिनिटाला ८.६ मेगाबाइट घेतो. तीन मिनिटांचे बारा ट्रॅक म्हणजे ३०० मेगाबाइटच्या वर. गिट प्रत्येक बदललेली फाइल जपून ठेवतं आणि ऑडिओत दोन आवृत्त्यांमधला फरक काढून जागा वाचवणं त्याला फारसं जमत नाही. चार-सहा बदलांत गोदाम फुगतं.

प्रोजेक्टची फाइल, मिडी, शब्द आणि ती चिठ्ठी एवढं गिटमध्ये ठेवा. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरपैकी रीपरची प्रोजेक्ट फाइल साधी टेक्स्ट असते, आर्डरची एक्सएमएल (खुणा घातलेलं टेक्स्ट), त्यामुळे काय बदललं ते ओळींमध्ये दिसतं. एबलटन लाइव्हची दाबून बसवलेली एक्सएमएल असते, ती सरळ वाचता येत नाही, पण आकाराने लहान म्हणून चालते. ऑडिओचा फोल्डर गिटबाहेर, आणि त्याला एकच नियम: कुठल्याही फाइलवर पुन्हा लिहायचं नाही, नवा टेक म्हणजे नवी फाइल. त्याच्या दोन प्रती, दोन वेगळ्या जागी. मित्रांबरोबर ऑडिओही वाटून घ्यायचा असेल तर गिट एलएफएस ही मोठ्या फाइलींसाठीची जोड आहे.

गाणं संपलं की प्रत्येक ट्रॅक पहिल्या बारपासून, सारख्या लांबीचा, इफेक्टसकट वेव्हमध्ये काढून ठेवा. काही वर्षांनी इफेक्टचं प्लगइन (संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम) नव्या संगणकावर उघडेलच याचा भरवसा नसतो. वेव्ह फाइल उघडते.

प्रश्न: दिवसभर टायपिंग, मग कीबोर्डवर दीड तास रियाज. आता अंगठा आणि शेजारची दोन बोटं मुंग्या आल्यासारखी होतात. रियाज बंद करू का?

उत्तर: लगेच बंद नको, पण दुर्लक्षही नको. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट ही मनगटातून जाणाऱ्या मीडियन नसेची बोटं आहेत. करंगळी आणि अनामिका असती तर संशय कोपराकडे गेला असता. टायपिंग करताना मनगट टेबलाच्या कडेवर टेकून वर वाकलेलं असतं का, ते आधी बघा. कोपर काटकोनाच्या जरा पुढे उघडं, मनगट हाताच्या सरळ रेषेत, कीबोर्डचे मागचे पाय मिटलेले. वाद्याचा स्टूलही याच मापाने लावा.

टायपिंग संपवून थेट वाद्यावर बसू नका, मध्ये निदान अर्धा तास जाऊ द्या. पहिली दहा मिनिटं निम्म्या लयीत वाजवा. दीड तासाचे २५ मिनिटांचे तीन तुकडे करा. दुखऱ्या हाताला ताकदीचे व्यायाम देऊ नका. रात्री मुंग्यांनी जाग येत असेल, हातातून वस्तू सुटत असतील किंवा दोन आठवड्यांत उतार पडला नाही, तर डॉक्टरांना दाखवा आणि वाजवता हेही सांगा. ही नस फार काळ दबली तर पकड परत यायला वेळ लागतो.

प्रश्न: माझ्या संगीतासाठी हवा तसा सिंथेसायझर मिळेना म्हणून लिहायला घेतला. दीड वर्षात तो सुरेख झाला, पण त्यावर एकही गाणं झालं नाही. मी संगीतकार राहिलोय की नाही?

उत्तर: वाद्य घडवणं हेही संगीताचंच काम आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. १९५७ साली बेल लॅब्जमध्ये मॅक्स मॅथ्यूज यांनी आयबीएम ७०४ वर संगणकाकडून आवाज घडवून घेणारा प्रोग्राम लिहिला. ते अभियंते होते आणि व्हायोलिन वाजवायचे. जॉन चाऊनिंग हे रचनाकार. १९६७ साली स्टॅनफर्डमध्ये व्हायब्रॅटोचा वेग वाढवत नेताना त्यांना फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशनचा (एका लहरीने दुसरीची कंपनसंख्या हलवण्याचा) आवाज सापडला, आणि तेच तंत्र १९८३ मध्ये यामाहाच्या डीएक्स-७ सिंथेसायझरमधून घराघरांत गेलं. दरम्यान चाऊनिंग यांनी त्या तंत्रावर स्वतःच्या रचना केल्या. तुमच्याकडे नेमकं तेवढंच राहिलंय.

अडचण अशी होते की सॉफ्टवेअरमध्ये प्रगती दिसते. फिल्टर जोडला, काम झालं, खूण केली. गाण्यात दोन तास बसून चाल नापसंतही होऊ शकते. मन दिसणाऱ्या प्रगतीकडे वळतं, आणि तिकडे वळणं म्हणजे आळस नव्हे, म्हणून ते लक्षातही येत नाही.

आज आहे त्या सिंथेसायझरला आवृत्ती क्रमांक द्या आणि कोड गोठवा. दोन मिनिटांची एक रचना घ्या, सगळे आवाज याच वाद्याचे. ती संपेपर्यंत फक्त बंद पाडणारी चूक दुरुस्त करायची. ‘इथे ॲटॅक (सूर चढायला लागणारा वेळ) आणखी लहान हवा’ असं वाजवताना वाटलं तर कोडकडे जायचं नाही, गाण्याचं नाव आणि बार क्रमांक घालून यादीत लिहायचं. रचना संपल्यावर यादी वाचा. ज्या नोंदीपुढे बार क्रमांक आहे तेवढ्याच पुढच्या आवृत्तीत घ्या. तुमच्या दीड वर्षाच्या यादीत अशा नोंदी किती आहेत, ते एकदा मोजून बघा.

पुढे नवी कल्पना सुचली तर थेट सी प्लस प्लसमध्ये उतरू नका. मिलर पकेट यांनी १९९६ मध्ये आणलेलं प्युअर डेटा हे सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यात चौकोन तारांनी जोडून संध्याकाळभरात आवाज ऐकता येतो. तो आवाज एखाद्या गाण्यात वापरून झाला, तरच प्लगइन लिहा.

प्रश्न: नोकरी सॉफ्टवेअरची. फावल्या वेळात बनवलेलं संगीताचं ॲप विकलं तर कंपनी हक्क सांगू शकते का?

उत्तर: करारावर आणि तुमच्याकडच्या कायद्यावर अवलंबून आहे. कराराच्या बौद्धिक संपदेच्या कलमात दोन शब्दरचना शोधा: ‘नोकरीच्या काळात’ आणि ‘कामाच्या संदर्भात’. पहिली असेल तर रविवारी लिहिलेलं ॲपही त्यात ओढलं जाऊ शकतं. ॲप विकण्याआधी, शक्य तर लिहायला घेण्याआधी, त्याचं वर्णन देऊन लेखी परवानगी घ्या. तोंडी होकार उपयोगाचा नाही. कंपनीचा लॅपटॉप, कंपनीचं खातं, कंपनीच्या वेळेतली एकही नोंद त्या ॲपच्या इतिहासात नको, कारण गिट तारीख आणि वेळ जपून ठेवतं. वापरलेल्या लायब्ररींचे परवानेही तपासा: एमआयटी परवाना असेल तर त्याचा मजकूर सोबत द्यावा लागतो, जीपीएल असेल तर ॲप देताना तुमचा कोडही त्याच अटींवर खुला करावा लागतो. ही यादी पहिल्या दिवसापासून ठेवा. वर्षभराने ती काढायला बसलात तर कुठली लायब्ररी कुठून आली, हे शोधण्यातच आठवडा जातो.